गुडघ्याची गोळी

डॉक्टरबाईंची ही सलग दुसरी ड्यूटी. त्यामुळे कुणी थकवा आल्याची तक्रार केली की त्यांना आतून चीडच यायची. या वॉर्डात ताजंतवानं होतं कोण? लिफ्टसुद्धा धापा टाकत वर यायची.

कोपऱ्यातल्या खाटेवर टेलरमास्तर पडून होते. चार दिवसांपूर्वी त्यांचा गुडघा बदलला होता. जखम स्वच्छ, ताप नाही. पण उभे राहिले की डोळ्यांपुढे अंधारी, ताटाकडे पाहिलं की मळमळ. व्यायाम करवून घेणारा त्यांना कामचुकार ठरवून मोकळा झाला होता. बीपी उतरलं की सलाइन लावायचं, जरा चढलं की सगळ्यांनी हुश्श करायचं, असं दोन दिवस चाललं होतं. आता खाट हवी होती, म्हणून वरून निरोप आला की मास्तरांना आज घरी सोडा.

"हे असे नाहीत हो," मास्तरांच्या बायकोचं कालपासून पालुपद चाललं होतं. "भांडत नाहीत म्हणजे काहीतरी बिनसलंय."

डॉक्टरबाई सही करणार, तोच सकाळचा रिपोर्ट आला. सोडियम कमी, साखरही कमी. एवढी सलाइनं जिरवून बीपी पुन्हा खाली. त्यांनी मास्तरांचा हात उलटसुलट करून पाहिला. कातडी कागदासारखी पातळ, जागोजागी जुने निळे डाग. मग त्या मास्तरांच्या बायकोकडे वळल्या.

"घरी कुठलं औषध चालू होतं?"

"औषध कसलं? बीपी नाही, शुगर नाही. आलो तेव्हाच सांगितलं की."

"औषध म्हणू नका. रोज गिळत काय होते?"

"ती होय? गुडघ्याची गोळी. बारीक, पांढरी. बरीच वर्षं घेतात. इथे आल्यावर मीच बंद केली. गुडघाच नवा घातला, मग गोळी कशाला? दात उपटल्यावर दातदुखीची गोळी घेतं का कुणी?"

मास्तरांच्या बायकोचा हिशेब चोख होता. फक्त ती गोळी स्टेरॉइडची होती; पातळ कातडी नि निळे डाग तेच सांगत होते. किडनीच्या डोक्यावर दोन छोट्या ग्रंथी असतात. आजारपणात, ऑपरेशनात माणसाला तगवून धरणारा रस त्या तयार करतात. तो वर्षानुवर्षं गोळीतून आयता मिळाला की त्या हातपाय हलवायचं सोडून देतात. आता गोळी बंद, ग्रंथी झोपलेल्या, आणि माणूस ऑपरेशनातून नुकता बाहेर पडलेला.

डॉक्टरबाईंनी रक्ताचा नमुना काढला आणि रिपोर्टची वाट न बघता त्याच रसाचं इंजेक्शन दिलं. दुपार कलता कलता मास्तर उशीला टेकून बसले आणि चहा पाणचट म्हणून कॅन्टीनवाल्याशी कडाकडा भांडले. बायको आधी हसली, मग रडली.

"घरी नेलं असतं तर?" तिनं विचारलं.

गोड खोटं बोलण्याइतकंही त्राण डॉक्टरबाईंत उरलं नव्हतं. "वाचले नसते," त्या म्हणाल्या. "तुमचा दोष नाही. तुम्ही कालपासून सांगत होतात. मी ऐकलं नाही."

तिनं नवऱ्याची चादर सारखी केली आणि डॉक्टरबाईंकडे पाठ करून बसली. ते त्यांना फार लागलं, पण तिथून पाय निघेना.