कारणाचा रकाना

"हे ज्यानं लिहिलंय ना, त्यानं जन्मात एका पोराला समोर बसवून विचारलेलं नाही, की बाबा रे, तू का चाललास?"

खिडकीबाई उभ्या राहूनच बोलल्या. प्रशिक्षणाची पुस्तिका सतराव्या पानावर उघडी होती आणि त्या पानावर त्यांनी बोट असं रोवलं होतं, की लिहिणारा जणू कागदाखालीच दडून बसलाय. वर्गातली बाकीची अकरा माणसं चुळबुळायची थांबली.

"बसून बोला ना, बाई," तज्ज्ञ म्हणाले. वरून पाठवलेला तरुण माणूस, गळ्यात ओळखपत्र, बोलणं गोड.

"बसवत नाही."

ते खरंच होतं. बावीस वर्षं उंच स्टुलावर बसलेल्या बाईला वर्गातला ठेंगणा बाक मानवत नव्हता. सकाळपासून त्या चारदा उठल्या होत्या. मनगटातलं रबरबँड ओढून सोडण्याचा चाळा चालू होता आणि त्या चट्‌चट्‌ आवाजानं पुढच्या बाकावरच्या ग्रंथपाल मानेनंच "पुरे" म्हणत होत्या.

भानगड अशी होती. कॉलेजात पहिल्या वर्षाला शंभर पोरं आली, की पहिल्याच सहामाहीत तीस गळायची. वरच्यांना इतकी वर्षं त्याचं काही वाटलं नाही. मग कुणीतरी त्याहून वरून विचारलं आणि एका रात्रीत सगळ्यांना पोरांचा कळवळा आला. हुकूम निघाला की पहिल्या वर्षाच्या प्रत्येक तुकडीला आठवड्याला एक तास 'रुजवात' शिकवायची. पोरं शाळेतून कॉलेजात येतात, त्यांना इथं रुजवायचं. शिकवणार कोण? मोठ्या प्राध्यापकांपैकी एकाची पाठ धरली, दुसऱ्याचा प्रबंध आला, तिसऱ्यानं तर सरळ सांगितलं की मी काय बालवाडी चालवतो का. मग जे उरले त्यांची यादी झाली: ग्रंथपाल, मैदानवाले सर, प्रयोगशाळेतल्या मॅडम, आणखी काही नवखे, आणि विद्यार्थी विभागाच्या खिडकीवरच्या बाई. त्यांना खरं नाव होतं, पण ते हजेरीपटापुरतं. पोरं खिडकीबाई म्हणायची, म्हणून मास्तरही तेच म्हणायचे.

बाकीच्यांना ही शिक्षा वाटली. खिडकीबाईंनी मात्र नेमणुकीचं पत्र तीनदा वाचलं. काचेच्या आत जन्म गेला होता. समोर येणारं प्रत्येक पोर छातीपर्यंतच दिसायचं. या पत्रानं त्यांना खडू मिळणार होता. तीन दिवसांची तयारी, शेवटच्या दिवशी साहेबांसमोर दहा मिनिटांचा नमुना पाठ, आणि तो जमला की आठवड्यातून एकदा का होईना, त्या काचेच्या बाहेर.

आणि पहिल्याच दिवशी हे सतरावं पान आडवं आलं होतं.

"वाचून दाखवा की," मैदानवाले सर म्हणाले. "आम्हालाही कळू दे कशावर भडकलात ते."

बाईंनी वाचलं. "'दहापैकी नऊ विद्यार्थी वैयक्तीक कारणांमुळे शिक्षण सोडतात. सबब प्रशिक्षकाने विद्यार्थ्याच्या वैयक्तीक सवयींवर भर द्यावा. लवकर उठणे, वेळापत्रक पाळणे, आत्मविश्वास वाढवणे.' म्हणजे पोरगं गेलं ते झोपाळू होतं म्हणून! कॉलेजनं काही केलंच नाही. कॉलेज धुतल्या तांदळासारखं!"

तज्ज्ञ रागावले नाहीत. "बाई, हे माझ्या मनाचं नाही. तुमच्याच कॉलेजचे पाच वर्षांचे अर्ज आम्ही तपासले. नाव कमी करण्याचे. त्यात कारणाचा रकाना असतो. मुलांनी स्वतःच्या हातानं लिहिलंय."

"घ्या!" मैदानवाल्यांनी बाकावर थाप मारली. "बाई, तुमच्याच खिडकीतनं गेलेत की ते अर्ज!"

सगळे हसले. हसण्यात वाईट काही नव्हतं. पण बाईंनी परत पानाकडं पाहिलं, आणि तेव्हा त्यांना ती वेलांटी दिसली. 'वैयक्तिक' लिहिताना 'क्ति'ला पहिली वेलांटी हवी. इथं दुसरी होती. टाइप करणाऱ्यानं अर्जांवर दिसलं तसं मुकाट उतरवलं होतं. दोन ओळींत दोनदा.

ती वेलांटी त्यांच्या ओळखीची होती. त्यांची स्वतःचीच होती.

बाई खाली बसल्या. रबरबँडही थांबलं.

नोकरीच्या तिसऱ्या आठवड्यात एका पोरानं त्या रकान्यात लिहिलं होतं, 'शिकवलेलं कळत नाही, विचारलं तर हसतात.' अर्ज वर गेला आणि चौकशी होऊन खाली आला. जुन्या हेडक्लार्कनं बाईंना बोलावून सांगितलं, "कारण लिहिलं की चौकशी लागते. चौकशी लागली की मी बसतो उत्तरं देत. तुम्ही आपलं 'वैयक्तिक' लिहून घेत जा. वैयक्तिकला कुणी विचारत नाही." बाई नव्या होत्या. त्यांनी आपल्या हातानं एक नमुना अर्ज भरला आणि काचेला आतून चिकटवला, म्हणजे पोरांनी बघून भरावा. शुद्धलेखन त्यांचं पहिल्यापासून लंगडं. दुसरी वेलांटी पडली ती पडलीच. हेडक्लार्क निवृत्त झाला, मागून तीन साहेब आले नि गेले, नमुना पिवळा झाला, पण हलला नाही.

जेवणाच्या सुट्टीत डबा तसाच ठेवून त्या खिडकीमागच्या खोलीत गेल्या आणि अर्जांचे गठ्ठे जमिनीवर ओतले. वैयक्तीक. वैयक्तीक. वैयक्तीक. कुणाचं अक्षर मोत्यासारखं, कुणाचं कोंबडीचे पाय, पण वेलांटी प्रत्येकाची दुसरी. ज्यांना भाषेत पैकीच्या पैकी मिळाले असतील, त्यांनीही तीच काढली होती. कारण खिडकीवरच्या बाईंनी काढली म्हणजे कचेरीला तशीच लागत असेल. सतरावं पान लिहिणारा सापडला होता.

आणि त्या गठ्ठ्यात दोन वर्षांपूर्वीचा तो एक अर्जही होता. तो तिथं आहे हे त्यांना न बघताही ठाऊक होतं.

त्यांची लेक त्या दिवशी घरी काही न बोलता थेट रांगेत येऊन उभी राहिली होती. कॉलेज सुरू होऊन दोन महिने झालेले. "अर्ज दे," म्हणाली. बाईंचा हात शिक्क्यावर होता, मागं वीस पोरं ताटकळत होती. लेकीनं पेन उघडून विचारलं, "कारण काय लिहू?"

एवढंच विचारलं होतं तिनं. आणि आईनं मान वर न करता सांगितलं, "वैयक्तिक लिही. पुढं सरक."

ही मुलगी चौथीत असल्यापासून आईच्या वेलांट्या सुधारायची. वाण्याच्या यादीतसुद्धा लाल पेननं गोल करायची. "आई, तुझ्या वेलांट्यांना पंख फुटतात का गं?" म्हणून खदखदून हसायची. तिनं त्या दिवशी मुकाट्यानं दुसरी वेलांटी काढली होती. ठळक. अर्ज सरकवला, पुढं सरकली. त्यानंतर दोन वर्षं दोघी एका घरात राहत होत्या. भाजी काय करायची ते बोलत होत्या, गॅस संपला ते बोलत होत्या. हे सोडून सगळं.

तिसऱ्या दिवशी नमुना पाठ होते. साहेब, म्हणजे प्राचार्य, मागच्या बाकावर घड्याळ काढून बसले. ग्रंथपालांनी वेळापत्रकावर सुरेख पाठ घेतला. मैदानवाल्यांनी सगळ्यांना उभं करून हात ताणायला लावले आणि त्याला आत्मविश्वास म्हटलं. साहेबांनी दोघांनाही शाबासकी दिली.

खिडकीबाईंची पाळी आली. पुस्तिका त्यांनी टेबलावर पालथी घातली आणि प्रत्येकाच्या हातात नाव कमी करण्याचा कोरा अर्ज दिला. तज्ज्ञांना दिला. साहेबांनाही दिला.

"तुम्ही सगळे कधीतरी पहिल्या वर्षाला होतात," त्या म्हणाल्या. "कॉलेज सोडून पळून जावंसं वाटलं होतं असा एक दिवस आठवा. कारणाचा रकाना भरा. फक्त 'वैयक्तिक' लिहायचं नाही."

"नाही लिहिलं तर शिक्का मारणार नाही का?" कुणीतरी मागून म्हणालं. थोडा हशा पिकला आणि विझला. मग बराच वेळ पेनांचाच आवाज.

"वाचू का?" पहिले मैदानवालेच उठले. पहाडासारखा माणूस, कागद दोन हातांत धरला होता. "पहिल्या दिवशी वर्ग सापडला नाही. विचारलं तर हसतील म्हणून विचारलं नाही. चार दिवस गेटाबाहेरच्या झाडाखाली बसून घरी जायचो. घरी सांगायचो, छान शिकवतात."

कुणी हसलं नाही.

प्रयोगशाळेतल्या मॅडमनी बसूनच वाचलं. "वसतिगृहातल्या मोरीला कडी नव्हती. वर्षभर नव्हती. तीनदा सांगितलं होतं."

"बाई," मागून साहेब म्हणाले, "वेळ झाली. आणि हे पुस्तिकेत नाही."

"नाही साहेब. पुस्तिकेत आहे ती माझी चूक. बावीस वर्षं पोरांकडनं मीच लिहून घेतलीय. तीच आता फळ्यावर लिहून शिकवू का?"

"चौकशी लागेल अशा गोष्टी वर्गात उकरायच्या नसतात." साहेबांनी घड्याळ मनगटावर चढवलं. "पान आहे तसं शिकवणार असाल, तर तुकडी तुमची. नाहीतर खिडकी आहेच."

म्हणजे हाही हेडक्लार्कच. फक्त खुर्ची मोठी.

बाईंनी टेबलावरचा खडू उचलला. तीन दिवसांत त्यानं एक अक्षरही लिहिलं नव्हतं. तो त्यांनी परत ठेवला. "खिडकी बरी," म्हणाल्या. दारातून जाताना त्यांनी पाहिलं. साहेबांच्या पुढ्यात अर्ज होता, पेनाचं टोपण निघालेलं होतं आणि रकाना कोरा होता.

खिडकीवर येऊन त्यांनी काचेवरचा नमुना नखानं खरवडून काढला. बावीस वर्षांचा डिंक सहजासहजी सुटत नव्हता, तुकडे तुकडे निघाले. मागं काचेवर एक चौकोन राहिला, बाकी काचेपेक्षा स्वच्छ. लेकीचा अर्ज त्यांनी घडी घालून पर्समध्ये टाकला. कचेरीचा कागद बाहेर न्यायचा नसतो, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक होतं?

लेक रक्त तपासायच्या प्रयोगशाळेत खिडकीवर बसायची. बाई तिथं कधी गेल्या नव्हत्या. रांगेत सातव्या होत्या. अर्धा तास या पायावरून त्या पायावर करत पुढं सरकल्या.

"पुढचे, नाव?" लेकीनं मान वर न करता विचारलं. हात शिक्क्यावर होता. आवाज हुबेहूब त्यांचाच.

बाईंनी काचेखालून कागद आत सरकवला.

लेकीनं तो उलगडला, मग वर पाहिलं. "आई? तू इथं? बरं नाही का तुला?"

"बरी आहे. वेलांटी बघ, चुकलीय."

"तुझीच आहे ती."

"माहितीये. म्हणूनच आलेय."

लेकीनं कागदाची घडी परत घातली आणि काचेखालून बाहेर सरकवली. "मागं लाइन आहे गं. घरी बोलू."

"दोन वर्षं घरीच होतो की आपण."

मागचा माणूस खाकरला. कुणीतरी "अहो मावशी, आटपा" म्हणालं. बाईंनी दोन्ही कोपरं काचेखालच्या फळीवर टेकवली आणि कागद पुन्हा आत ढकलला.

"तू विचारलं होतंस, कारण काय लिहू. तेव्हा मी मान वर केली नाही. आता केलीय. मी पुढं सरकणार नाही. सांग, का सोडलंस कॉलेज?"