धमाका की डिफ्लग्रेशन?

भाऊ रविवारी सकाळीच कागद घेऊन आला, तेव्हाच ताईच्या मनात शंकेची पाल चुकचुकली. रविवारी दहाच्या आत डोळे न उघडणारा माणूस आज चक्क दाढी करून दारात! ताई शब्दकोशाची मुद्रितं तपासायची. तीस वर्षं तिने संशय घेण्याचाच पगार खाल्ला होता.

"आगीच्या चौकशी अहवालातला हा शब्द बघ. माझ्या बाजूचा आहे की विरुद्ध?"

भाऊ रंगाच्या कारखान्यात गोदाम सांभाळायचा. मंगळवारी गोदामात आग लागून रंग ढवळणाऱ्या कामगाराचे दोन्ही हात भाजले. भावाने लेखी दिलं होतं, की मी फाटकापाशी होतो, मोठा धमाका ऐकून धावलो, तर त्या कामगाराजवळ काडेपेटी पडलेली. त्या जबाबावर उद्या त्या बिचाऱ्याची नोकरी जाणार होती.

शब्द होता 'डिफ्लग्रेशन'. ताईने जाडजूड कोश काढला.

"मूळ लॅटिन. भडकून जळणं. 'फ्लॅग्रंट' म्हणजे ढळढळीत, उघडउघड गुन्हा, तो याचाच सख्खा भाऊ."

"भावाचं राहू दे. अर्थ सांग."

"झपाट्याने जळणं. ज्वाळा सरसर पळते, पण स्फोटाएवढा वेग नसतो. रसायनवाले वापरतात. भाजी करपली तर कुणी डिफ्लग्रेशन झालं म्हणत नाही."

भाऊ हसला, जरा जास्तच. "म्हणजे आगच की! आण तो कागद."

ताईने कागद सोडला नाही. कुठेतरी पाणी मुरत होतं.

"इथे लिहिलंय, स्फोट नाही. काचा फुटल्या होत्या?"

"नाही."

"डबे उडाले?"

"नाही गं."

"मग फाटकापाशी तू धमाका कसला ऐकलास?"

भाऊ खिडकीबाहेर बघू लागला. लहानपणापासून याच्या चुका तिनेच पोटात घातल्या होत्या, आणि आज तिला त्याचा आणि स्वतःचाही भयंकर राग आला.

"काडेपेटी कुणाची?"

"माझी," तो पुटपुटला. "गोदामातच होतो, एकच सिगारेट ओढत होतो. पण ताई, कारखान्यात हा शब्द कुणालाच कळत नाहीये. म्हणून तर आधी तुझ्याकडे आलो."

"मला कळला ना."

तिने पायात चपला सरकवल्या.

"कुठे निघालीस?"

"दवाखान्यात. तूही चल. आधी त्या भाजलेल्या कामगाराला सांगायचं, तुझ्या तोंडाने."