मार्गशीर्षातले गरे

पोलादपूरच्या वरच्या अंगाला असलेल्या त्या वाडीत दत्तजयंतीचं कीर्तन गेली अकरा वर्षं महिपतबुवाच करतात. गेल्या वर्षी बोलता बोलता बुवा म्हणाले होते, "तुमच्या गावच्या कापा फणसाची कीर्ती मी फार ऐकली. पण मी येतो मार्गशीर्षात आणि तो येतो वैशाखात. देवानं आमची भेट काही लिहिलेली नाही!"

सगळा मंडप हसला. पहिल्या रांगेत बसलेली साळूबाई मात्र हसली नाही. ज्या फणसाची कीर्ती बुवांनी ऐकली होती, तो तिच्याच परसातला. कीर्तनावर तिचा इतका जीव, की झांजेचा पहिला ठोका पडला की तिला घरदार आठवायचं नाही. ज्या माणसाने इतकी वर्षं आपले कान तृप्त केले, त्याच्या तोंडात आपल्या झाडाचा एक गरा पडू नये? तिने तिथेच दत्ताला सांगून टाकलं, "पुढल्या साली बुवांना फणस खिलवीन."

"आन तो काय दत्तमहाराज झाडाला लावनार हायत, डिसेंबरात?" नवऱ्याने, सयाजीने, विचारलं.

"झाडाला नाय. सूनबाईच्या फ्रीजला."

सूनबाई म्हणजे अनुपमा. महाडच्या शाळेत शिक्षिका. नवरा एमआयडीसीत पाळीवर, आणि घरात मोठ्या फ्रीजरचा फ्रीज. मे महिन्यात साळूबाई एसटीने दोन फणस घेऊन महाडला उतरली. हाताला तेल चोपडून तिने गरे सोडवले, आठळ्या काढल्या आणि सगळे एका पिशवीत कोंबायला निघाली.

"आई, असं नाही," अनुपमाने हात धरला. "असे घातलेत तर डिसेंबरात एकच धोंडा निघेल. आधी ताटात सुटे मांडू. कडक झाले की डब्यात भरू."

तसं केलं. घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात गरे गेले आणि साळूबाईचा जीवही त्यांच्याबरोबर फ्रीजरमध्ये गेला. जुलैत पाऊस धरला, महाडात वीज गेली, की पोलादपुराकडून फोन.

"अनुपमा, फ्रीज उघडू नको गो!"

"नाही उघडला, आई. वरून गोधडीही घातली आहे."

"आमच्या आजारपणात नाय घातलीन कधी एवढी गोधडी," सयाजी मागून ओरडायचा.

दत्तजयंतीच्या दुपारी थर्माकोलच्या पेटीत बर्फ आणि बर्फात तो डबा, असं घेऊन अनुपमा गाडीने वाडीत आली. सयाजीने पेटीकडे पाहून विचारलं, "देवळात पापलेट आनलंस काय?" साळूबाईने त्याला डोळ्यांनीच गप्प केलं.

आता प्रश्न वेळेचा. कीर्तनाआधी बुवा काही खात नाहीत. त्यात हा गारेगार गरा, घसा बसायचा. कीर्तनानंतर लगेच त्यांना वीर स्टेशनावर रेल्वेगाडी पकडायची. अनुपमाने सांगितलं, "खाण्याआधी तासभर डबा बाहेर काढायचा. त्याहून जास्त ठेवला तर गरे लिबलिबीत होतील."

"म्हणजे पूर्वरंग संपला, बुवांना बुक्का लावून हार घातला, की काढायचा," साळूबाई म्हणाली. "बुवांचा उत्तररंग तासाचाच असतो."

"मी काढते ना. तुम्ही निवांत कीर्तन ऐका."

"नको. नवस माझा, हात माझाच लागला पायजे."

अनुपमा मग सुंठवडा करायला देवळामागच्या खोलीत गेली. पेटी साळूबाईच्या गुडघ्याशी राहिली.

पूर्वरंग संपला. बुक्का झाला, हार झाला. साळूबाईने पेटीच्या झाकणाला हात घातला, आणि बुवांनी आख्यानाला सुरुवात केली. एक गरीब म्हातारी. दारात पाहुण्याच्या वेशात देव उभा, भुकेला. म्हातारी मडकी चाचपते. एक रिकामं, दुसरं रिकामं. बुवांनी ते चाचपणं हाताने असं दाखवलं, की साळूबाईचा हात झाकणावरच राहिला. डोळ्यांना धार लागली. पाहुणा उपाशी जाईल का रे देवा, एवढंच तिच्या मनात उरलं.

सूर्य मावळला, जन्म झाला, पाळणा हलला, आरती झाली. "आई, डबा द्या," अनुपमा मागून म्हणाली, तेव्हा साळूबाई भानावर आली. झाकण उघडलं. गरे दगडासारखे! एक गरा नैवेद्याच्या ताटात ठेवला, तर तो ताटात टणकन वाजला.

"सवच्या गरम पाण्याच्या कुंडात बुडवून आनू काय?" सयाजीने विचारलं. साळूबाईला रडू आणि हसू एकदमच फुटलं.

बुवा उपरणं सावरत खाली उतरले होते. साळूबाईने त्यांच्या पायावर डोकं ठेवलं आणि सगळं सांगून टाकलं. वैशाख, फ्रीजर, हार, डबा. "चुकलं बुवा. म्हातारीच्या घरात काय नाय म्हनून मी रडत बसले, आन माझ्या मांडीशी भरला डबा तसाच ऱ्हायला."

बुवा एवढे हसले, की बाजाच्या पेटीवाल्याने वळून पाहिलं.

"बाई, तीस वर्षं कीर्तन करतोय. लोक मधेच उठून चहाला जातात, मोबाईल बघतात. माझ्या आख्यानापायी कुणी माझाच फणस विसरलं, हे आज पहिल्यांदा! चला, तुम्हीही वीरला चला. तो डबा शालीत घ्या."

अनुपमाने गाडी काढली. पोलादपूर मागे पडलं, महाड मागे पडलं. साळूबाई डबा शालीत गुंडाळून, पोटाशी धरून बसली होती; गारठ्याने तिचे हात बधिर झाले, पण ते तिने काढले नाहीत. वीरच्या फलाटावर गाडीला अजून पंधरा मिनिटं होती. बाकावर बसून बुवांनी झाकण उघडलं. गरे पिवळेधमक, वरून मऊ, आत अजून बर्फाची कुरकूर. वैशाखाचा वास फलाटावर पसरला.

बुवांनी दत्ताचं नाव घेऊन गरा तोंडात टाकला आणि डोळे मिटले.

"घसा बसेल हो," अनुपमा म्हणाली.

"बसू दे. पुढचं कीर्तन परवा आहे." बुवांनी दुसरा उचलला. "लिहिलेली होती हो आमची भेट!"

साळूबाईलाही त्यांनी तीन गरे खायला लावले. रिकामा डबा परत कसा द्यायचा, म्हणून त्यात देवळातला नारळ घातला. गाडी आली. चढता चढता बुवा म्हणाले, "पुढच्या वर्षी हार घातला की मीच सांगेन, साळूबाई, डबा काढा."

"नको बुवा," साळूबाई घाईने म्हणाली. "मग आख्यानात मन कसं लागंल? डबा अनुपमा काढंल."