घरट्याभोवतीचं गवत

दातांचे डॉक्टर आणि त्यांची मेहुणी यांचं कधीच पटलं नव्हतं. ती चष्म्याच्या दुकानात काम करायची. घरात सगळे तिला धाकटी म्हणत. दोघांना बांधून ठेवलं होतं ते तिच्या ताईनं आणि पक्ष्यांच्या फोटोंच्या वेडानं. सुट्टीच्या दिवशी दोघं शहराबाहेरच्या दलदलीवर जात आणि वाटभर एकमेकांशी चकार शब्द बोलत नसत.

दलदल एका बाईच्या शेताला लागून होती. बाई फटकळ, पण बांधावरून जाऊ द्यायची. अट एकच: काही तोडायचं नाही.

त्या सकाळी डॉक्टर आधीच निघून गेले होते. धाकटी स्कूटरवरून मागाहून पोचली, तर हे गुडघाभर चिखलात उभे. हातात विळा. जांभळ्या पाणकोंबडीच्या घरट्याभोवतालचं गवत ते सपासप कापत होते.

"भावजी, काय चाललंय?"

"मध्ये येत होतं."

"मध्ये यावं म्हणूनच तिनं तिथं घरटं केलंय. वरून कावळ्यांना अंडी दिसतील."

"तू चष्मे विक. मला फोटो शिकवू नकोस."

ते काठावर येऊन कॅमेरा लावून बसले. धाकटी सरळ त्यांच्या लेन्ससमोर जाऊन उभी राहिली.

"बाजूला हो."

"नाही होणार."

पाणकोंबडी लांबून ओरडत होती. डॉक्टर थंडपणे म्हणाले, "राहा उभी. तू आहेस तोवर ती अंड्यांवर यायची नाही."

ते खरं होतं. दात-ओठ खात ती मागे सरली. पक्षीण आली, उघड्यावर बसली, आणि डॉक्टरांना हवा तसा फोटो मिळाला. ते गेल्यावर कावळे आले. धाकटीनं ढेकळं मारली, घसा सुकेपर्यंत ओरडली. तिच्या आरडाओरड्यानं पक्षीणही उडाली, आणि कावळ्यांनी डाव साधला.

पुढच्या सुट्टीला ती एकटीच गेली, तर शेतमालकीण काठी घेऊन बांधावर.

"पाय ठेवलास तर कॅमेरा चिखलात घालीन."

"मी काय केलं?"

"डॉक्टर येऊन माफी मागून गेले. म्हणाले, मेहुणीला अक्कल नाही, गवत कापून बसली."

धाकटी तशीच ताईच्या घरी गेली. दोघं जेवत होती. तिनं उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. "उद्या त्या बाईंना जाऊन खरं सांगा," ती म्हणाली.

डॉक्टरांनी मान वर केली नाही. "हिला फोटो मिळाला नाही, म्हणून पोटात दुखतंय."

"ताई, तू तरी बोल."

ताईनं पाण्याचा पेला खाली ठेवला. "बागेतला विळा चिखलानं भरून आला होता. मीच धुतला. मला कळायचं ते कळलं."

"मग?"

"मग काही नाही. मला याच घरात राहायचंय. तू आता जा, आणि काही दिवस येऊ नकोस."

डॉक्टरांनी भाजी वाढून घेतली.

धाकटीनं शेतमालकिणीला पुन्हा गाठलं आणि काही न लपवता सांगितलं. बाईनं ऐकून घेतलं.

"खरं असेल. पण कापलंय हे ठाऊक असून तू तोंड शिवून घरी गेलीस. तेव्हाच मला येऊन सांगितलं असतंस तर? आता तूही नको आणि तो डॉक्टरही नको. रस्त्यावर उभी राहा. रस्ता काही माझा नाही."

धाकटी रस्त्यावर येऊन उभी राहिली. त्यानंतर ती रस्त्यावरूनच फोटो काढू लागली. दाट गवतात कुठेतरी एक जांभळा ठिपका, एवढंच हाती लागायचं.

एकदा डॉक्टरांची गाडी आली. मालकिणीनं त्यांना बांधावरूनच असं काही सुनावलं, की ते मान खाली घालून परतले. धाकटीजवळ त्यांनी गाडी थांबवून काच खाली केली.

"झालं समाधान?"

"नाही," धाकटी म्हणाली.

शेजारच्या सीटवर ताई होती. तिनं समोरची नजर हलवली नाही. डॉक्टरांनी काच वर केली.