तिसऱ्या वर्षाची पाहुणी

उसाची मोळी दारातून आत येत नव्हती. आडवी धरली तर चौकटीला अडायची, उभी धरली तर वरच्या पाटीला लागायची, आणि ती धरणारा माणूस प्रत्येक खटपटीनंतर थांबून श्वास घेत होता. मी काउंटरमागून उठून पुढे गेले, तरी तो माणूस म्हणजे डॉन सेवेरो आहेत हे मला चटकन ओळखू आलं नाही.

“तिरकी करा,” मी म्हटलं.

“मला शिकवतेस होय गं योसेलिन? या दारातून मी लाकडी कपाटं आत घेतलीत.”

त्यांनी मोळी तिरकी केली आणि आत आले. मग भिंतीला हात टेकून उभे राहिले. त्या भिंतीवर हॉटेलच्या पहिल्या मालकाने एक भलंमोठं ताडाचं झाड रंगवून घेतलं होतं. हॉटेलचं नावही तेच, ‘ला पाल्मेरा’. पोतोसीच्या या उंचीवर धड झुडूप वाढत नाही. डॉन सेवेरो मात्र आता खाली सांता क्रूझला मुलीकडे, रोक्सानाकडे, राहतात आणि तिथे म्हणे अंगणाअंगणात खरे ताड आहेत.

आई हात पुसत स्वयंपाकघरातून आली आणि जागच्या जागी थांबली.

“सेवेरो! अहो, ओठ बघा तुमचे. वाळवलेल्या काळ्या बटाट्यासारखे झालेत.”

“तुम्हीही काही फारशा गोऱ्या झाला नाहीत, डोन्या निल्दा.”

“चेष्टा नको. डॉक्टरांनी वर यायचं नाही म्हणून सांगितलं होतं ना? रोक्सानाने कसं सोडलं तुम्हाला?”

“तिला वाटतंय मी कोचाबांबाला मित्राकडे आहे.” ते लहान मुलासारखे हसले आणि हसता हसता खोकले. “दोनच दिवस. पैसे देऊन राहणार, पाहुणा म्हणून. फक्त खोली वरची द्या.”

 वरची खोली म्हणजे कुठली, हे आम्हा तिघांनाही माहीत होतं.

डॉन सेवेरो आमच्याकडे कामाला लागले तेव्हा मी जन्मलेही नव्हते. पाहुण्यांच्या बॅगा वर नेणं, बंब पेटवणं, विरळ हवेने चक्कर आलेल्या परदेशी लोकांना कोकाच्या पानांचा चहा देऊन धीर देणं, सगळं तेच करत. त्यांची बायको उसेबिया गच्चीवरच्या दगडावर चादरी धुवायची. गच्चीवर पाण्याच्या टाक्यांशेजारी एक खोली होती, तिथे त्यांचा संसार. मग डॉन सेवेरोंचा चेहरा जांभळट लाल दिसायला लागला, डोकं सतत दुखायला लागलं. मी तेव्हा जीवरसायनशास्त्र शिकत होते, त्यामुळे त्यांचा रक्ताचा अहवाल मला वाचता आला. हवा विरळ असली की शरीर तांबड्या पेशी वाढवतं. काही जणांचं शरीर थांबायचं विसरतं आणि रक्त घट्ट होत जातं. जन्मभर ज्या उंचीवर राहिले, तीच त्यांना सोसवेना. उसेबियाचा मात्र कोणाला घोर नव्हता. आणि तीच आधी गेली, न्यूमोनियाने, चार दिवसांत.

त्या वर्षी नोव्हेंबरच्या पहिल्या तारखेला डॉन सेवेरोंनी गच्चीवरच्या खोलीत तिच्या आत्म्यासाठी जेवणाचं टेबल मांडलं, आणि ती परत गेल्यावर तेही खाली गेले. ते गेल्यावर आईने खोली रंगवली, डोंगराच्या बाजूला मोठी खिडकी काढली. आता आलेला प्रत्येक पाहुणा तीच खोली मागतो.

“तिथे दोन जर्मन मुली उतरल्यात,” आई म्हणाली. “आणि तुम्हाला जिने चढायचे नाहीत. तळमजल्यावरची घ्या, चांगली ऊबदार आहे. तिथेच मांडा काय मांडायचं ते.”

“तळमजल्यावर ती काय करेल? पाहुण्यांच्या खोलीत ती झाडू घेतल्याशिवाय कधी गेली नाही.”

“गेल्या वर्षी सांता क्रूझला मांडलंत ना?”

“मुलीने मांडलं. नाव ठेवायला जागा नव्हती. पाव, फळं, फुलं, फोटोला चौकट.” ते खुर्चीवर बसले. “पण उसेबिया आली नाही.”

“ते तुम्हाला कसं कळणार?” मी विचारलं. मला खरंच जाणून घ्यायचं होतं.

“कळतं गं. आणि येणार तरी कशी? जन्मात ती पोतोसीबाहेर गेली नाही. बस कुठे बदलायची हेसुद्धा तिला ठाऊक नव्हतं. बसली असेल बिचारी कुठल्यातरी स्टँडवर.” त्यांनी आईकडे पाहिलं. “हे तिसरं वर्ष आहे, डोन्या निल्दा. यानंतर ती यायची नाही.”

आमच्याकडे माणूस गेला की तीन वर्षं त्याचं टेबल मांडतात. पहिल्या तारखेला दुपारी बाराला आत्मा येतो, दुसऱ्या दिवशी बाराला निघतो. तिसऱ्या वर्षी निघाला की कायमचा निघाला.

“खोलीत मेणबत्ती लावायची नाही असा नियम आहे,” आई म्हणाली. “पाटी तुम्हीच रंगवलीत.”

“अक्षर चांगलं आलंय ना?”

आई ताडताड वर गेली. खाली आली तेव्हा दोन्ही जर्मन मुली आपापल्या बॅगा घेऊन तिच्यामागून येत होत्या. खालच्या खोलीत गरम पाणी जास्त वेळ येतं, असं तिने त्यांना पटवून दिलं होतं. ते साफ खोटं होतं.

डॉन सेवेरो जिना चढताना प्रत्येक वळणावर बसले. मोळी माझ्या खांद्यावर होती, पण बॅग ते देईनात.

“पाहुण्याने बॅग उचलायची नसते,” मी म्हटलं. “हे तुम्हीच सगळ्यांना सांगायचात.”

“मी कुठला पाहुणा? हे आमचं घर.” दोन पायऱ्या चढून त्यांनी बॅग माझ्याकडे दिली. “बरं, घे. आत फुटेल असं काही नाही.”

टेबल मात्र त्यांनी एकट्याने मांडलं. काळं कापड, त्यावर उसेबियाचा फोटो. फोटोत ती उन्हाने डोळे बारीक करून कोणावर तरी चिडलेली दिसते. पावाची बाहुली, म्हणजे उसेबियाच, आणि तिला वरून उतरायला पावाचीच शिडी. शेंगदाण्याचं सूप आईने करून पाठवलं. दोन्ही बाजूंना ऊस उभे बांधले. परतीच्या वाटेवर टेकायला आत्म्याला काठी लागते आणि ऊस इथे पिकत नाही, म्हणून ते खालूनच घेऊन आले होते.

बाराची घंटा झाली. डॉन सेवेरो टोपी काढून उभे राहिले. एक माशी खिडकीतून आली, पावावरून फिरली आणि सुपाच्या वाटीच्या काठावर बसली.

“आली,” ते म्हणाले.

या उंचीवर माशा तशा कमीच. पण खिडकी उघडी होती आणि सूप गरम होतं. 

दुपारभर गल्लीतल्या बायका प्रार्थना म्हणायला येत राहिल्या. प्रार्थना झाली की त्यांना पाव आणि फळ द्यायचं. बेकरीवाल्या डोन्या फेलिपाने फोटोसमोर हात जोडले आणि म्हणाली, “हिने एकदा माझ्या नवऱ्याला ओल्या चादरीने हाणलं होतं. तिच्या वाळत घातलेल्या कपड्यांखाली सिगारेट ओढत होता म्हणून.”

“दोनदा,” डॉन सेवेरो म्हणाले. “दुसऱ्यांदाचं त्याने घरी सांगितलं नसेल.”

सगळ्या हसल्या. तेही हसले, आणि मग खोकला थांबेना. रुमाल तोंडावर धरून ते पलंगावर बसले. त्यांनी रुमाल घाईने घडी करून खिशात टाकला, पण त्यावरचा गुलाबी फेस मला दिसला होता. मी त्यांच्या पाठीला कान लावला. आत दोन्हीकडे पाणी उकळल्यासारखा बारीक आवाज येत होता.

इथलाच माणूस खाली राहून परत वर आला, की कधीकधी त्याच्या फुफ्फुसात पाणी भरतं. हे मी वाचलं होतं, बघितलं नव्हतं.

मी खालून ऑक्सिजनचं नळकांडं आणलं. त्यांनी मास्क हाताने दूर केला.

“ते पाहुण्यांसाठी आहे.”

“सकाळी पैसे देऊन राहणार म्हणालात ना? मग घाला.”

कोपऱ्यावरच्या दवाखान्यातले डॉक्टर आले. त्यांनी छाती तपासली आणि आईला बाजूला घेतलं, पण खोली इतकी लहान की बाजूला असं काही नव्हतंच. “आत्ताच्या आत्ता सुक्रेला उतरवा. तिथे हवाही दाट आहे आणि इस्पितळही बरं आहे. रात्र इथे काढली तर सकाळची खात्री देता येणार नाही.”

“उद्या दुपारी जातो,” डॉन सेवेरो मास्कमधून म्हणाले.

“उद्या दुपारी तुम्हाला खांद्यावरून न्यावं लागेल,” डॉक्टर म्हणाले आणि गाडी बघायला खाली गेले.

आई पलंगाजवळ आली. “सेवेरो, हट्ट करू नका.”

“ती आत्ता तर आली, डोन्या निल्दा. आणि मी उठून जाऊ? इतकी वर्षं काम केलं. पाहुणा वर असताना मी कधी पाठ फिरवली? सांगा एकदा तरी.”

 आई खिडकीजवळ गेली आणि रंगाखाली बुजलेल्या खिळ्यांच्या भोकांवरून उगाच बोट फिरवत राहिली. तिथे पूर्वी उसेबियाचे कपडे टांगलेले असायचे.

“तुम्ही सुट्टीवर जायचात तेव्हा काय करायचात?” मी विचारलं.

“मी कुठे सुट्टीवर जायचो?”

“रोक्सानाच्या लग्नाला गेला होतात. तेव्हा बॅगा मी उचलल्या होत्या. जाताना मला सगळं नीट सांगून गेला होतात, कुठल्या खोलीत कोण, कोणाला काय लागतं. तसं सांगा. मी बसते.”

 मास्कवर वाफ धरत होती आणि जात होती. मग त्यांनी मास्क जरा खाली केला.

“पायाशी गरम पाण्याची पिशवी ठेव. गार पाण्यात उभं राहून राहून तिचे पाय कायम गार. खिडकी बोटभर उघडी, पूर्ण लावलीस तर ती जीव घुसमटतो म्हणते. मेणबत्ती विझू द्यायची नाही. सकाळी सूप गरम करून ठेव. मीठ आधी तूच चाखून बघ. ती सांगत नाही. खारट झालं तरी गुपचूप खाते.”

“बरं.”

“आणि तिच्याशी बोल काहीतरी. मी दिवसभर खाली असायचो, ती इथे एकटी. संध्याकाळी तिला बोलायला माणूस लागतो.”

“काय बोलू?”

“काहीही. पाहुण्यांच्या चादरींची निंदा कर. खूश होईल.”

गाडी आली. आई आणि डॉक्टर त्यांना दोन्हीकडून धरून जिन्याकडे नेऊ लागले. दारात त्यांनी दोघांनाही थांबवलं, खोलीत वळून पाहिलं, आणि टोपी काढून टेबलाकडे मान लववली, पाहुण्यांना लववायचे तशीच. मग गेले. आई त्यांच्याबरोबर गाडीत बसली.

मी सांगितल्याप्रमाणे सगळं केलं. पिशवी ठेवली, खिडकी बोटभर उघडी ठेवली, जर्मन मुलींच्या खोलीतल्या चादरींबद्दल जे खरं होतं ते सांगितलं. माझा या गोष्टींवर कितपत विश्वास आहे, हे मला आजही नीट सांगता येणार नाही. पण सकाळी सूप चाखलं तेव्हा मीठ जास्त वाटलं, आणि मी ते पाणी घालून पुन्हा उकळलं.

आई सकाळच्या पहिल्या बसने परतली. रात्र निभावली, रोक्साना निघाली आहे, एवढंच तिने सांगितलं. अकराच्या सुमाराला डोन्या फेलिपा आली आणि आम्ही दोघींनी टेबल उतरवलं. घरच्या माणसाने ते उतरवायचं नसतंच. तेवढं तरी रीतीप्रमाणे झालं. उरलेला पाव, बटाटे, केळी असं सगळं वाटेच्या शिदोरीसाठी पट्ट्यापट्ट्यांच्या कापडात बांधलं. आत्मा हे गाठोडं पाठीवर घेऊन निघतो असं म्हणतात. आपण फक्त तयार ठेवायचं, मग ते कोणाला तरी देऊन टाकायचं. गाठ मारत होते तेवढ्यात फोन वाजला.

“योसेलिन.” डॉन सेवेरोंचा आवाज दुसऱ्याच कोणाचा तरी वाटावा इतका बारीक झाला होता. “बारा वाजत आले ना?”

“हो. निघायच्या तयारीत आहे.”

“जेवली?”

“जेवली. सूप खारट झालं होतं, मी सारखं केलं.”

“बरं केलंस.” ते थांबले. त्यांच्या नाकातल्या नळीचा सूं सूं आवाज येत होता. “बॅग कोण उचलतंय?”

मी गाठोड्याकडे पाहिलं. डोन्या फेलिपा ते कोणाला द्यायचं याचा विचार करत हातात धरून उभी होती.

“मी,” मी म्हटलं. “खालपर्यंत.”

“जिन्यावर सावकाश. दुसऱ्या वळणावर एक पायरी हलते.”

घंटा सुरू झाली. मी फोन चालू ठेवूनच खिशात टाकला, गाठोडं पाठीला बांधलं, एक ऊस हातात घेतला आणि निघाले. वजन काही फार नव्हतं. तरी डॉन सेवेरो काल जिथे जिथे बसले होते, तिथे तिथे मी थांबले. खिशातून त्यांचा श्वास ऐकू येत होता. मी थांबले की तोही जरा संथ व्हायचा.

खाली आई दारात उभी होती. जाणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला ती “परत या हं” म्हणते. इतकी सवय, की कधीकधी पोस्टमनलाही म्हणते. माझ्याकडे बघून तिने तोंड उघडलं, आणि मिटलं. मग तिने दाराची एरवी बंद असते ती फळी कडी काढून उघडली, आणि ऊस अडू नये म्हणून बाजूला सरकली.