तीन नंबरचं बटण

मूळ मालिका बारा वर्षं चालली आणि त्या बारा वर्षांत तिच्या नवऱ्याने घरातला एक गळका नळ दुरुस्त केला नाही. वर तो पाणीपुरवठा खात्यात. दिवसभर ऑफिसात पाइपांचे नकाशे काढायचा आणि संध्याकाळी घरी येऊन मालिकेतल्या अंतराळयानाचे काढायचा. कुठल्या मजल्यावर कुठलं दार, कुठल्या दाराला कुठली कडी, सगळं ट्रेसिंग पेपरवर, मापासकट. शहरातल्या मालिकावेड्यांचा एक क्लब होता, ते त्याला कप्तान म्हणायचे आणि दर रविवारी तिच्या बैठकीच्या खोलीत येऊन सगळ्या खुर्च्या अडवायचे.

ती दातांच्या लॅबमध्ये कवळ्या बनवायची. दिवसभर लोकांच्या तोंडांचे साचे हाताळल्यावर घरी आणखी तोंडं बघायची तिला हौस नव्हती, पण सांगते कोणाला.

त्या मालिकेत तिचा जीव कधी रमला नाही. सदानकदा युद्ध, सदानकदा कोणीतरी कोणाला तरी वाचवतंय, आणि एवढ्या मोठ्या यानात कधी कोणी फरशी पुसताना दिसेल तर शपथ. मग मालिका संपली आणि तिच्यातूनच दुसरी निघाली. क्लबवाले तिला पोटमालिका म्हणायचे, पोटभाडेकरू म्हणावं तशा सुरात. कारण तिच्यात कप्तान नव्हता, युद्ध नव्हतं. होती एक मिस्तरीण. मूळ मालिकेत हिला बोलायला मिळायचं ते एवढंच, "झालं. चालू करा." आता ती एका आडबाजूच्या तळावर मोडकी यानं दुरुस्त करत होती.

पहिल्याच भागात मिस्तरणीने एक झडप हातात घेतली, उजेडात धरली, कानस फिरवली, पुन्हा उजेडात धरली, आणि मान हलवून पुन्हा कानस उचलली. इकडे खुर्चीत ती बघतच राहिली. कवळीचा दात बसवताना ती स्वतः नेमकं हेच करत असे. हाताने काम करणारी बाई टीव्हीवर कामच करताना तिने पहिल्यांदा पाहिली होती. त्या दिवसापासून गुरुवारी संध्याकाळी काही झालं तरी ती टीव्हीसमोर असे. शेजारच्या खुर्चीत सासूबाई डोळे मिटून बसलेल्या आणि सोफ्यावर नवरा, तोंडाचा पट्टा चालू.

"इंजिन डावीकडे कसं? पाचव्या पर्वात उजवीकडे होतं."

"हलवलं असेल."

"अगं, इंजिन म्हणजे काय कपाट आहे?"

आता त्या डबीबद्दल सांगायला हवं. त्यांच्या टीव्हीवर एक काळी डबी बसवलेली होती. कोण काय बघतं हे मोजणारी एक कंपनी मोजक्या घरांत अशा डब्या बसवायची आणि तेवढ्यावरून सगळ्यांच्या आवडीचा आकडा काढायची. घरात माणशी एक बटण. बघायला बसलं की आपलं बटण दाबायचं, उठलं की पुन्हा दाबायचं. टीव्ही चालू असून कोणीच दाबलं नाही तर डबीचा लाल दिवा मिचमिचत राहायचा. आणि याबद्दल बाहेर कुठे बोलायचं नाही, ही अट. एक नंबर नवऱ्याचा, दोन सासूबाईंचा, तीन तिचा. बटणांचा रिमोट अर्थातच नवऱ्याच्या हातात. "तू बस, मी दाबतो तुझं," तो म्हणायचा. तिच्यासाठी तो करत असलेलं ते एकमेव काम होतं, म्हणून तिनेही मोठ्या मनाने करू दिलं.

सातव्या भागाच्या शेवटी मिस्तरीण तळाबाहेर, अंतराळात, तडा बुजवायला गेली आणि मागे दार बंद झालं. ते फक्त आतून उघडणारं. तिने हातोडीने दार ठोठावलं, थांबली, पुन्हा ठोठावलं. भाग संपला. पुढच्या गुरुवारी त्या वेळेला स्वयंपाकाच्या भांड्यांची जाहिरात लागली आणि मग बातमी आली की प्रेक्षक नसल्याने मालिका बंद.

तिला वाईट वाटलं. लॅबमध्ये मेण तापवताना मध्येच तिच्या मनात यायचं, उघडलं असेल का कोणी. क्लबचं मात्र भलतंच. ज्यांनी सात आठवडे त्या मालिकेला नावं ठेवली, ते आता सुतकात बसावं तसे बसले होते. नवऱ्याने दाढीसुद्धा केली नाही.

"असं अर्धवट सोडतात का कधी?" तो म्हणाला.

"पण तुम्हाला आवडतच नव्हती ना?"

"आवडत नव्हती म्हणजे बंद करा असं म्हटलं होतं का मी?"

ती कणीक मळायला गेली.

शनिवारी डबीवाल्या कंपनीचा माणूस आला. बूट दारात काढून, हातात पेचकस घेऊन तो थेट टीव्हीपाशी गेला.

"तीन नंबरचं बटण बिघडलंय का ते बघायला आलोय, ताई. गुरुवारी संध्याकाळी कधीच दाबलेलं दिसत नाही."

"गुरुवारीच तर मी न चुकता बसते."

त्याने बटण दाबून पाहिलं. हिरवा दिवा लख्ख लागला. "ठणठणीत आहे," तो म्हणाला. "दर गुरुवारी नुसतं दोन नंबर दाबलेलं आहे. आजींना अंतराळाची भारीच आवड दिसते." तो आपल्याच विनोदावर हसला आणि बूट घालून गेला.

तिने नवऱ्याकडे पाहिलं. नवरा ट्रेसिंग पेपरची सुरळी उलगडत होता, उलटी.

"अगं, एक नंबर दाबला असता तर त्यांना वाटलं असतं, मला आवडतंय."

"आणि तीन?"

"तीन दाबला असता तर वाटलं असतं, तुला आवडतंय."

"मला आवडत होतं."

"ते खरं गं. पण त्यांना कळलं असतं ना."

ती खुर्चीत बसली. उभं राहून ऐकण्यासारखं ते नव्हतंच.

"काहीच दाबलं नाही तर तो दिवा मिचमिचतो," तो पुढे म्हणाला. "मग आईचं दाबलं. ती काय, झोपलेलीच असते. मला वाटलं, आकडा पडला की लेखक बदलतील, जरा बरी करतील."

"केली ना बरी," ती म्हणाली. राग तर आलाच, पण त्याहून जास्त तिला लाजल्यासारखं झालं. सात गुरुवार ती जीव लावून बसली होती आणि हिशोबात ती खोलीतच नव्हती.

रविवारी क्लब आला. ती जेवणाच्या टेबलावर तातडीची एक कवळी घेऊन मेणात दात लावत होती. झेरॉक्सच्या दुकानाचा मालक, म्हणजे क्लबचा सेक्रेटरी, मालिका परत सुरू करा म्हणून अर्ज लिहायला बसला. पहिल्या ओळीपाशीच गाडी अडली. मालिका मनापासून आवडलेलं माणूस हवं होतं, आणि तसं त्यांच्यात एकही नव्हतं.

"वहिनी," झेरॉक्सवाला म्हणाला, "तुम्ही सगळे भाग बघितलेत. तुमच्याच नावाने सुरुवात करतो."

"मी एकही बघितलेला नाही," ती दातावरची नजर न काढता म्हणाली. "बघितले ते आईंनी. त्यांना विचारा."

नवरा एकदम पंख्याकडे बघू लागला. बाकीच्यांनी खुर्चीतल्या म्हातारीकडे पाहिलं. झेरॉक्सवाल्याने वाकून, आवाज चढवून विचारलं, "आजी, गुरुवारची मालिका बघायचात का?"

सासूबाईंनी डोळे उघडले. "ती दाराची? त्या बाईला आत घेतलं का रे शेवटी?"

तिच्या हातातला दात मेणात वाकडा बसला. शेजारी बसून म्हातारीही बघत होती आणि याचा तिला पत्ता नव्हता. दोघींपैकी एकीचा तरी आकडा खरा होता म्हणायचा.

"आजी, मुळात ते दार बाहेरूनही उघडतं," झेरॉक्सवाला म्हणाला. "मूळ मालिकेच्या चौथ्या पर्वात स्पष्ट दाखवलंय."

"पाचव्या," नवऱ्याच्या तोंडून निघून गेलं.

"चौथ्या. नकाशा तुमचाच आहे, कप्तान."

"काय म्हणतायत गं हे?" सासूबाईंनी तिला विचारलं.

ती उठून त्यांच्या कानाशी गेली. "आत पुष्कळ माणसं होती, आई. पण दार कुठून उघडतं यावर त्यांचा वाद चालला होता. मग राहून गेलं."

"एवढी ठोठावत होती बिचारी," सासूबाई म्हणाल्या. "एकानेही उठू नये?"

झेरॉक्सवाल्याने पेनाला टोपण लावलं. नवरा हातातल्या रिमोटकडे बघत, छातीत हनुवटी घालून पुटपुटला, "चुकलं माझं."

"काय चुकलं, कप्तान?" झेरॉक्सवाल्याने विचारलं.

"काय म्हणाला हा?" सासूबाईंनी विचारलं.

ती परत टेबलाशी जाऊन बसली आणि वाकडा बसलेला दात मेणातून काढला.

"मोठ्याने सांगा," ती म्हणाली. "आईंना ऐकू येत नाही. आणि डबीपासून सांगा."