जोतिबाची टिकली

जोतिबाला कुणी तोंडावर शिवी दिली तरी तो हसून सोडून द्यायचा. पण 'रोलचे कॅमेरे आता कुठं बनतात?' असं कुणी म्हटलं, की म्हणणाऱ्याचा चहा थंड झालाच म्हणून समजावं. बेळगावातल्या अख्ख्या अनगोळाला हे ठाऊक होतं. ठाऊक नव्हतं ते फक्त तेजस्वीला, कारण ती बेळगुंदीची.

तेजस्वी इंजिनियरिंग कॉलेजात शिकवायची. कॉलेजात बेळगावच्या कारागिरीचं एक दालन उघडायचं ठरलं होतं आणि वस्तू जमवायचं काम तिच्या गळ्यात पडलं होतं. जोतिबाच्या कॅमेऱ्याविषयी कळल्यावर ती पाटीचा मजकूर टाइप करूनच घेऊन आली. 'रोलचा कॅमेरा. अनगोळ. १९८७ ते' आणि पुढं मोकळी जागा.

"अण्णा, बंद कधी केलंत तेवढं साल सांगा," ती बशीत चहा ओतता ओतता म्हणाली.

"काय बंद केलं?"

"कॅमेरे बनवायचं. जगभर थांबलंच की ते."

"कुणी सांगितलं तुला?" जोतिबानं चष्मा काढला. चष्मा काढला म्हणजे प्रकरण वाढणार. "जर्मनीत एकानं कवाच थांबवलं न्हाय. जपानात एकानं थांबवलंतं, त्यानं परत चालू केलं. आणि हितं अनगोळात तर चालूच हाय!"

आत स्वयंपाकघरात नागुबाईच्या हातातलं गाळणं तिथंच थांबलं. चालू काय आहे आणि काय नाही, हे या घरात तिच्याइतकं कुणालाच माहीत नव्हतं.

तेजस्वीचा चेहरा मात्र उजळला. "मग यंदाच्या सालातला एक द्या ना. पाटीवर नुसतं '१९८७ पासून' लिहिते. उद्घाटनाला एक महिना आहे." मग ती जरा घुटमळली. "पण नसला तर साल टाकावं लागेल हं अण्णा. पाटीवर खोटं लिहिता येत नाही."

"लिहू बी नको. आणून देतो."

ती गेल्यावर नागुबाई बाहेर आली. "अवो, चालू हाय म्हणालासा. कुठं चालू हाय? माझ्या चुलीवर?"

"जीभ घसरली."

"जीभ न्हवं. नाक. लई उंच हाय तुमचं, म्होरचं दिसतच न्हाय."

जोतिबानं चष्मा परत चढवला. नागुबाईचं खरं होतं. त्र्याहत्तर नंबरचा कॅमेरा दोन वर्षांपूर्वी पुण्याच्या एका मुलानं नेला होता, आणि त्यानंतर चौऱ्याहत्तर हा आकडा ठोकायला पंच पेटीतून बाहेर निघालेच नव्हते.

जोतिबा मूळचा उद्यमबागेच्या कारखान्यांतला लेथवाला. हायड्रॉलिकचे सुटे भाग कातण्यात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता. सत्त्याऐंशी साली खानापूरचा एक फोटोवाला त्याच्याकडे परदेशी कॅमेरा घेऊन आला, पडदा फाटलेला. रोलच्या कॅमेऱ्यात भिंगाच्या मागं एक काळा रेशमी पडदा असतो. बटण दाबलं की तो डोळा लवायच्या आत सरकतो, तेवढाच उजेड रोलवर पडतो आणि फोटो येतो. जोतिबानं तो कॅमेरा उघडला, चार दिवस नुसता बघत बसला आणि पाचव्या दिवशी म्हणाला, "ह्यात काय हाय? म्या अख्खाच करतो की." सगळे हसले. सहा महिन्यांनी हसणारे गप्प झाले. भिंग तेवढं बाहेरचं, बाकी पेटी, चक्रं, कमानी, खिट्ट्या सगळं अनगोळात झालेलं. मोठमोठ्या कंपन्यांनी हात टेकले तरी जोतिबा वर्षाला दोन, कधी एक, असे करतच राहिला. रविवारचा धंदा होता तो, पण त्याला धंदा म्हटलेलं त्याला खपायचं नाही.

पडदा मात्र त्याचा नव्हता. तो वडगावच्या मष्णूचा. मष्णू साड्या विणणारा, हातमागावरचा शेवटच्या पिढीचा माणूस. एका कॅमेऱ्याला एक वीत, असं घट्ट काळं रेशीम तो विणून द्यायचा. जोतिबा त्यावर रबराचा हात फिरवायचा, की झाला पडदा. दोन वर्षांपूर्वी मष्णू गेला. जोतिबानं बाजारातली चार कापडं आणून बघितली. एक जाड निघालं, एक आटलं, एकाला रबरच धरेना. त्यानं पेटी झाकली आणि लोकांना 'चालू हाय' म्हणत राहिला.

आणखी एक गोष्ट होती, ती त्यानं नागुबाईलाही कधी उघड सांगितली नव्हती. त्याच्या प्रत्येक कॅमेऱ्याला खोड होती. पडद्यात डाव्या काठाजवळ सुईच्या टोकाएवढं छिद्र राहायचं. तो रबराचा एक थेंब लावून ते बुजवायचा, पण पाच-सहा महिन्यांत थेंब सुटायचा आणि मग प्रत्येक फोटोत, त्याच कोपऱ्यात, एक पांढरा ठिपका उमटायचा. निपाणीचे फोटोवाले चेष्टेनं म्हणायचे, "नवरीला एक टिकली, फोटोला एक टिकली. जोतिबाची टिकली!" जोतिबा वरवर हसायचा आणि घरी येऊन रबराचं प्रमाण बदलायचा. सदतीस वर्षं त्यानं ते प्रमाण बदललं. आपला हात तेवढ्यात कच्चा आहे हे त्याला आतून खात होतं, आणि मष्णूला तर त्यानं चुकूनही ते कळू दिलं नव्हतं. एवढं देखणं रेशीम आणायचं आणि ते आपण नासवतो, हे कुठल्या तोंडानं सांगणार?

दुसऱ्या दिवशी तो वडगावला गेला. गल्लीत पावरलूमचा खडखडाट होता, दारात उभं राहून हाक मारली तरी आत जाईना. मष्णूची सून मंगल बाहेर आली.

"अण्णा, तुम्ही? या की."

आत दोन पावरलूम चालू होते आणि मागच्या खोलीत, पोत्याखाली झाकलेला, मष्णूचा हातमाग होता. जोतिबानं पोतं जरासं उचललं.

"बंदच हाय न्हवं?"

"कन्नडात निंतैति म्हणत्यात," मंगल म्हणाली. "बंद पडला म्हणायचं असलं तरी निंतैति, उभा हाय म्हणायचं असलं तरी निंतैति. शेजारीण इचारती तवा मी तेवढंच सांगती. तिला काय समजायचं ते समजू दे."

जोतिबाला ते फार आवडलं. त्यानं आपलं गाऱ्हाणं सांगितलं. मंगलनं सगळं ऐकून घेतलं आणि मग हात चोळत म्हणाली, "मामांच्या शेजारी बसून मी धा वर्षं बघितलंय. कांड्या भरल्यात, तुटलेलं धागं जोडल्यात. पण तुमचं ते काळं रेशीम मामा कुणालाच इणू देत नव्हते."

"आता कोण हाय दुसरं?"

मंगलनं पोतं पुरतं काढलं.

पंधरा दिवस लागले. दिवसा पावरलूम, आणि दुपारी वीज गेली की हातमाग. वडगावात वीज जायला कधी कमी पडत नाही. दोनदा तिनं विणलेलं उसवलं. तिसऱ्या खेपेला वीतभर कापड घेऊन ती स्वतः अनगोळला आली आणि जोतिबाच्या हातावर ठेवून उभी राहिली. जोतिबानं ते दिव्यासमोर धरलं; मष्णूचं कापड मात्र त्यानं विश्वासानं कधी असं तपासलं नव्हतं. उजेडाचा एक कण आरपार आला नाही.

त्या आठवड्यात जोतिबा जेवायलाही हाक मारल्याशिवाय उठला नाही. रबर लागलं, पडदा बसला, चक्रं फिरली. पेटीतून सात आणि चारचे पंच काढून त्यानं तळाच्या पत्र्यावर आकडा ठोकला तेव्हा नागुबाई मुद्दाम दारात येऊन उभी राहिली होती. "ठोका, ठोका. नाक वाचलं," ती म्हणाली, पण तिचे डोळे हसत होते.

त्यानं एक रोल घातला. नागुबाईचे, अंगणातल्या पेरूचे, गल्लीतल्या म्हशीचे फोटो काढले. न्हाणीघराचं दार लावून रोल धुतला, फोटो छापून दोरीला लावले. मग एकेक खाली घेऊन भिंग लावून बघितलं.

टिकली नव्हती.

थेंब लावलाच नव्हता, कारण लावायला छिद्रच नव्हतं. सदतीस वर्षांत पहिल्यांदा त्याच्या कॅमेऱ्यातनं धुतल्या तांदळासारखा फोटो आला होता. साठी उलटलेला माणूस ओले फोटो हातात धरून अंगणात लहान पोरासारखा गोल फिरला. त्याच पावली बस धरून तो वडगावला निघाला.

"बघ मंगल! बघ कसा आलाय!"

मंगलनं फोटो घेतला, उलटसुलट केला. मग खाली मान घालून म्हणाली, "व्हय, चांगला आलाय. टिकली न्हाय त्याबद्दल रागावू नका अण्णा."

जोतिबाला वाटलं, पावरलूमच्या आवाजात आपल्याला नीट ऐकू आलं नाही. "काय म्हणालीस?"

"मामांची टिकली. ती मी ठेवली न्हाय. मला ठेवायचा मान न्हाय." मग तिनंच सांगितलं. "आमच्यात रीत हाय. पुरतं कापड झालं की त्यात एक धागा चुकवायचा. बिनचूक कापडाला नजर लागती. साडीत चुकवला तर कुणाला दिसत बी न्हाय. पण चुकवायचा त्यो जाणत्यानं. नव्या माणसानं आधी बिनचूक इणायचं. त्याची चूक ती चूकच, आणि जाणत्याची चूक ती रीत. तुमचं वीतभर कापड बी मामा पुरतं कापड धरायचे. म्हणायचे, लहान असलं म्हणून काय झालं, काठ ते काठ माझ्या हातचं हाय. दर खेपेला डाव्या काठाला एक धागा चुकवायचे."

जोतिबा मागाच्या कडेवर बसला. सदतीस वर्षं बदललेलं रबर त्याच्या डोळ्यांपुढून गेलं.

"मष्णूला ठावं होतं? फोटोत टिकली येती ते?"

मंगलनं भिंतीकडे बोट केलं. तिच्या लग्नातला फोटो होता, जोतिबाच्याच कॅमेऱ्यातनं काढलेला. मांडवाच्या कोपऱ्यात पांढरा ठिपका होता, आणि फोटोच्या काचेवर नेमक्या त्याच जागी कुणी तरी बोट लावून लावून डाग पडला होता.

"मामांचं बोट हाय ते. घरात पाव्हणं आलं की पयलं तिथं न्यायचे. नवरा-नवरी ऱ्हायले बाजूला, टिकलीवर बोट ठेवायचे आणि म्हणायचे, ह्यो माझा धागा."

जोतिबा उठून फोटोजवळ गेला. ज्याची आपल्याला लाज वाटत होती, त्याच ठिपक्यापुढं हा माणूस पाहुण्यांना नेऊन उभं करत होता. मष्णूचा त्याला एकदम फार अभिमान वाटला आणि स्वतःचा थोडा रागही आला. एकदा विचारलं असतं तर! पण नाक आडवं आलं होतं.

"उद्घाटनाला किती दिस हायत?" मंगलनं विचारलं.

"नऊ."

"मग ह्योच द्या की. चांगला हाय."

"चांगला हाय," जोतिबा म्हणाला, "पण ह्यो पडदा मी काढणार. तू दुसरा इण. आणि डाव्या काठाला धागा चुकव."

"अण्णा, मी अजून..."

"बिनचूक इणून दाखवलंस न्हवं? माझ्या दिव्यानं बघितलंय. सदतीस वर्षं मी मष्णूचं कापड हाताळलंय, माझ्याएवढं ते कुणी जाणत न्हाय. मी सांगतो, आता मान तुझा."

मंगलनं पदर डोळ्यांना लावला. मग उठून दोन्ही पावरलूम बंद केले. वडगावच्या त्या घरात भरदिवसा, वीज असताना, पहिल्यांदाच एवढी शांतता झाली. ती हातमागावर बसली आणि तिनं धोटा हातात घेतला.

पाचव्या दिवशी पडदा आला. जोतिबानं तो दिव्यासमोर धरला. डाव्या काठाशी उजेडाचं एक टोक चमकलं. रबराचा हात त्यानं फिरवला, पण त्या जागेवर थेंब लावला नाही. कॅमेरा जुळला तसा तो परत वडगावला गेला आणि मागावर बसलेल्या मंगलचा फोटो काढून आला.

उद्घाटनाच्या आदल्या दिवशी कॅमेरा आणि तो फोटो घेऊन तो तेजस्वीकडे गेला. वस्तू टेबलावर ठेवली आणि चष्मा काढला. या वेळी भांडायला नाही.

"पोरी, त्या दिवशी मी तुला खोटं बोललोतो. दोन वर्षं एक बी कॅमेरा झाला न्हवता. आता तूच ठरव काय लिवायचं ते."

तेजस्वी विचारात पडली. "म्हणजे मधे थांबलं होतं?"

"निंतित्तु," जोतिबा म्हणाला.

तेजस्वीला कन्नड चांगलं येत होतं. दोन्ही अर्थ ध्यानात येताच ती खळखळून हसली. "उभं होतं, होय? बरं. उभं होतं."

"आणि अनगोळच्या आधी वडगाव लिव. मष्णूचं नाव घाल. मंगलचं बी. माझं शेवटी आलं तरी चालंल."

हे शेवटचं वाक्य नागुबाईनं ऐकलं असतं, तर तिनं त्याच्या कपाळाला हात लावून ताप बघितला असता.

दुसऱ्या दिवशी दालनात गर्दी झाली. काचेच्या पेटीत चौऱ्याहत्तर नंबरचा कॅमेरा होता, शेजारी भिंतीवर मंगलचा फोटो, आणि खाली पाटी, मराठीत आणि कन्नडात: 'रोलचा कॅमेरा. वडगाव आणि अनगोळ. पडदा मष्णू, मंगल. जुळणी जोतिबा. १९८७ पासून.' पुढं एक पूर्णविराम होता आणि मोकळी जागा कुठंच नव्हती. जोतिबानं ती पाटी तीनदा वाचली, दोनदा मराठीत आणि एकदा कन्नडात.

तेवढ्यात धारवाडहून आलेले एक पाहुणे फोटोजवळ वाकले. त्यांनी खिशातला रुमाल काढला आणि कोपऱ्यातला पांढरा ठिपका हळूच पुसून बघितला. तो निघेना.

"इथे काही तरी डाग पडलाय वाटतं," ते म्हणाले. "छपाईत खराबी आहे का?"

जोतिबा सवयीनं पुढं झाला. इतक्या वर्षांची सारवासारव त्याच्या जिभेवर आयती होती. पण मंगल त्याच्याही आधी तिथं पोचली होती. नव्या इरकलीचा पदर सावरत तिनं सगळ्यांसमोर हात वर केला आणि ठिपक्यावर बोट ठेवलं.

"खराबी न्हाय," ती म्हणाली. "ह्यो माझा धागा."